शीर्षासन : घाई कुठे नडते?

शीर्षासनाला ‘आसनांचा राजा’ म्हणतात. पंडित नेहरू तुरुंगातही ते करीत. अशा कीर्तीमुळेच की काय, घरी पुस्तक वा चित्रफीत पाहून योगाभ्यास सुरू करणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात राजाची भेट हवी असते. मग भिंतीशी कापसाची गादी पडते, डोके दुखू नये म्हणून त्यावर मऊ उशी येते आणि एक जोरदार उसळी! पाय भिंतीवर आपटतात, कॅलेंडर हलते, मुले टाळ्या वाजवतात.

चूक गादीपासूनच सुरू झालेली असते. मऊ उशीत डोके रुतते आणि तोल सावरताना मान डावीउजवीकडे कलते. जमिनीवर चौपदरी घडी केलेले ब्लँकेट पुरे. ते भिंतीच्या कोपऱ्यात घालावे, म्हणजे दोन्ही बाजूंनी आधार मिळतो. हाताची गुंफण भिंतीपासून दोन-तीन इंचांवरच असावी. अंतर वाढले की पाय भिंतीला टेकताना कंबर कमानीसारखी वाकते.

नाव शीर्षासन असले, तरी नवशिक्याने भार डोक्यावर नव्हे, हातांवर घ्यायचा असतो. एरवी मान चार-पाच किलोंचे डोके तेवढे पेलते. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सराव असलेल्या 45 जणांची मोजणी झाली. डोक्यावर येणारा जास्तीत जास्त भार शरीराच्या वजनाच्या 40 ते 48 टक्के भरला. म्हणजे साठ किलोच्या माणसाच्या मानेवर 24 ते 29 किलो! हे सरावलेल्यांचे, उसळी मारणाऱ्याच्या मानेला तर झटकाही सोसावा लागतो.

म्हणून आधी पाय जमिनीवर ठेवूनच अभ्यास करावा. गुडघ्यांवर बसून कोपरे खांद्यांच्या रुंदीइतक्या अंतरावर टेकवावीत. बोटे गुंफून तळव्यांची ओंजळ करावी, टाळू जमिनीला लावावी आणि डोक्याची मागची बाजू ओंजळीत बसवावी. आता कोपरापासून मनगटापर्यंतचा हात जमिनीवर दाबून खांदे कानांपासून दूर उचलावेत. गुडघे उचलून पावले हळूहळू चेहऱ्याकडे आणावीत. पाठ सरळ होऊ लागते. येथेच थांबून पाच-सहा श्वास घ्यावेत आणि खाली यावे. डोके हलके वाटते का, एवढेच पाहायचे. खांदे ढासळत असतील, तर पाय उचलण्याची वेळ आलेली नाही. याला काही आठवडे लागतात, कुणाला महिनेही लागतात. हठप्रदीपिकेतही डोके खाली व पाय वर ही स्थिती पहिल्या दिवशी क्षणभरच करावी आणि रोज थोडी थोडी वाढवावी, असे सांगितले आहे.

पुढे जाणकार शिक्षकाच्या देखरेखीखाली, गुडघे पोटाशी दुमडून, झोका न देता पाय उचलावेत. श्वास नाकाने चालू ठेवावा, कोंडू नये. सुरुवातीला दहा-पंधरा सेकंद भरपूर झाले. तोल जाऊ लागला, तर ताठ राहण्याचा हट्ट न करता बोटांची गुंफण सोडून गुडघे दुमडावेत. उतरल्यावर लगेच उभे राहू नये. कपाळ जमिनीवर टेकून अर्धा-एक मिनिट विसावावे, नाहीतर भोवळ येते. हे सारे अर्थातच रिकाम्या पोटी.

डोळ्यांचा विचार मात्र फारच थोडे जण करतात. चेन्नईत योगाभ्यासी 75 जणांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाले. शीर्षासनात डोळ्यांतला दाब जवळजवळ दुप्पट होत होता. निरोगी डोळा हे थोडा वेळ सहन करतो. काचबिंदूच्या रुग्णाने ही जोखीम घेऊ नये. पंचाईत अशी, की काचबिंदू सुरुवातीला ना दुखतो, ना कळतो. तेव्हा चाळिशी ओलांडलेल्यांनी आधी नेत्रतज्ज्ञाकडून डोळ्यांचा दाब मोजून घ्यावा. दृष्टिपटलाचा विकार, उच्च रक्तदाब, हृदयविकार, मानेचा स्पाँडिलोसिस, ठिसूळ हाडे किंवा पूर्वी पक्षाघात झालेला असल्यास हे आसन करू नये. गरोदरपणात नव्याने सुरू करू नये. लहान मुलांकडून पाहुण्यांसमोर करवून घेण्याची हौसही टाळावी. केस काळे होतील म्हणून डोक्यावर उभे राहणाऱ्यांना तसे आश्वासन कोणी देऊ नये.

आसनात मान दुखली, हाताला मुंग्या आल्या, डोळ्यांत ताण जाणवला किंवा कानात आवाज येऊ लागला, तर त्याच क्षणी खाली यावे. त्रास पुन्हा झाला, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय परत करू नये.

ज्यांना मनाई आहे, त्यांनी सर्वांगासनाकडेही वळू नये. त्यातही मानेवर भार येतोच. त्यांनी उताणे झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवाव्यात आणि पाच-दहा मिनिटे शांत पडून राहावे. दिवसभर उभे राहून पाय भरून येणाऱ्या गृहिणींना तर संध्याकाळी याचा चांगला आराम वाटतो.