खाण म्हणजे कारखाना नव्हे म्हणे

चिखला. तालुका तुमसर, जिल्हा भंडारा. जमिनीखाली मँगनीज. भाजीला मीठ तसं पोलादाला मँगनीज. मॉइल ही सरकारी कंपनी ते काढते. म्हणजे काढतात माणसंच. त्यातला एखादा आजारी पडला तर कायदा काय म्हणतो, तेवढंच सांगतो.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४३ साली, प्रा. आडारकरांना कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखायला बसवलं गेलं. १९४८ ला राज्य विमा कायदा झाला. सक्तीचा. मालकाच्या मर्जीचा सवालच नाही. पण त्याच कायद्यात कारखान्याची व्याख्या करताना हळूच लिहून ठेवलं: खाण यात धरायची नाही. खलास. गिरणीतल्याला कार्ड, भुयारात उतरणाऱ्याला ठेंगा.

आणि खाण कायद्याखालच्या रोगांच्या यादीत मँगनीजची विषबाधा १९५२ पासून आहे! धूळ वर्षानुवर्षं आत जाते, मेंदूत बसते. चेहरा मुखवट्यासारखा होतो, हात थरथरतो, चाल बिघडते. लोक म्हणतात, साला पिऊन आला. सरकारनं रोगाची नोंद ठेवली, रोग्याचा विमा नाही ठेवला. भरपाईचा कायदा १९२३ पासून आहे, पण तिथं मालकामागं फिरावं लागतं. फिरायला पाय तर धड पाहिजेत!

कुणी म्हणेल, फुले जन आरोग्य योजना आहे की. आहे, जरूर घ्या. पण ती पैसे देते दवाखान्याला. घरच्या चुलीचं काय? राज्य विम्यात आजारपणात मजुरीच्या ७० टक्के मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. हा फरक आहे, दोस्तांनो.

२१ नोव्हेंबर २०२५ ला सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या बहिणीनं संपाला नोटिशीची बेडी घातली, ते भांडण वेगळं, तेही भांडू. पण हिच्या 'आस्थापना' या शब्दात खाण आहे, आम्ही गोदीवालेही आहोत. दहा माणसं कामाला असली की विमा सक्तीचा. फट मात्र ठेवलीय: सरकार सूट देऊ शकतं. आमचा दवाखाना आहे म्हणून कुठलीही कंपनी सूट मागेल, तेव्हा विचारा, ठेकेदाराच्या पोरांची नावं त्या दवाखान्याच्या वहीत आहेत का? महिना २१,००० च्या आत कमावणारी तीच तर असतात. आणि ठेकेदारानं हात वर केले तरी वर्गणी मूळ मालकानं भरायची, हेही कायद्यातच आहे.

तेव्हा चिखल्याच्या, डोंगरी बुजुर्गच्या पोरांनो, पुढच्या पगाराची पावती नीट बघा. पाऊण टक्का कापला असेल तर विम्याचा नंबर मागा. कापला नसेल, तर का नाही ते लेखी मागा.