वाडी उठवली म्हणून जंगल वाचत नाही

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. ठाकर आदिवासींची ही वाडी सरकारच्या दरडप्रवण गावांच्या यादीतही नव्हती. मग सगळीकडून एकच सल्ला ऐकू येऊ लागला: या लोकांना डोंगरावरून खाली आणा.

खाली सुरक्षित घर मिळालंच पाहिजे, त्यावर वाद नाही. पण घर हललं म्हणून डोंगरावरचा हक्कही संपला का? आणि वाडी उठली की जंगल आपोआप वाढेल, हे कुणी ठरवलं?

कर्जतहून खोपोलीकडे रस्त्याने जाऊन बघा. टेकडी कापून पाडलेले प्लॉट, तारेची कुंपणं, पोहण्याचे तलाव. हे ठाकर-कातकऱ्यांचं काम नाही. हे मुंबई-पुण्याच्या पैसेवाल्यांचं आहे, आणि त्यात आपले मुसलमान शेठही मागे नाहीत. जुम्याच्या खुतब्यात जमीन ही अमानत आहे असं ऐकायचं आणि शनिवारी ओढा बुजवून हिरवळ लावायची, हा हिशेब जुळत नाही. माथेरानभोवतीचा पट्टा २००३ पासून कागदावर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील आहे. प्लॉटच्या जाहिराती थांबल्या का?

दुसरं सोंग वृक्षारोपणाचं. राज्याने २०१६ ते २०१९ या काळात ५० कोटी झाडं लावण्याचा संकल्प सोडला. पण जिथे साग, ऐन, पळस यांची मुळं अजून जिवंत आहेत, तिथे खड्डे खणायची गरजच नसते. तोडलेल्या बुंध्यालाही धुमारे फुटतात. फक्त वणवा थांबवावा लागतो, तोड आणि चराई काही वर्षं आवरावी लागते. मार्च-एप्रिलमध्ये गवत पेटलं की शहरातला निसर्गप्रेमी पोहोचेपर्यंत डोंगर काळा झालेला असतो. वाडीतला माणूस आधी पोहोचतो. पण ज्या जंगलात पाऊल टाकलं की त्याला चोर ठरवतात, त्यासाठी त्याने जीव का धोक्यात घालावा?

इंग्रजांनी जंगल राखीव केलं आणि इथल्या ठाकर-कातकऱ्यांना नाचणी-वरीसाठी उतारावरच्या 'दळी' जमिनी दिल्या. पुढे तीच कसणूक सरकारी कागदात अतिक्रमण ठरू लागली. २००६ च्या वनहक्क कायद्याने हा ऐतिहासिक अन्याय मान्य केला. जंगल राखण्याचा, पुन्हा वाढवण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क या कायद्याने गावाला दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला तो २००९ मध्ये मिळालाही. मग रायगडच्या वाड्यांनीच वाट का बघायची?

मागणी साधी आहे. सामूहिक वनहक्काचे दावे मंजूर करा. जाळरेषा काढण्याचं आणि राखणीचं काम मजुरीसकट वाडीला द्या. ज्यांना खाली वसवलं, त्यांचा डोंगरावरचा हक्क लेखी कायम ठेवा.

आणि आपल्यापैकी कुणी कर्जतला प्लॉट बघायला निघाला असेल, त्याने दलालाला एवढंच विचारावं: या कुंपणाने कुठल्या वाडीची वाट आणि कुणाचं पाणी अडणार आहे?