दोष पडद्याचाही आहे



ऑनलाइन तासाला लक्ष लागत नाही, याचं सारं खापर गेल्या अंकातल्या पत्रात मुलांवर फोडलं आहे. मुलांना पडद्यावर नेमकं काय दिसतं, याचा त्यात विचारच नाही.

२०२० च्या टाळेबंदीत असंख्य घरांत वर्ग भरला तो मोबाइलवर. लॅपटॉपवर १६:९ आकारात केलेली स्लाइड उभ्या धरलेल्या फोनवर जेमतेम दोन बोटं उंचीची होते. तिच्यावर पाठ्यपुस्तकाच्या अख्ख्या पानाचा फोटो! देवनागरीत वेलांट्या, रफार, अनुस्वार, उकार अक्षराच्या वर-खाली बसतात. रेंज कमी झाली की चित्राचा दर्जा उतरतो आणि ही बारीक चिन्हंच आधी पुसट होतात. मग ‘सुत’ की ‘सूत’ हे मुलाने ओळखायचं कसं?

उपाय अवघड नाही. एका स्लाइडवर चार-पाच ओळी, पांढऱ्यावर काळं ठळक अक्षर. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ हा सुटसुटीत टंक मोफत मिळतो. आकृतीतले भाग फक्त लाल-हिरव्या रंगाने वेगळे दाखवू नयेत. अनेक रंगांध मुलांना ते सारखेच दिसू शकतात. तिथे नावं लिहावीत.

शिक्षकांना विनंती एवढीच, की तासाआधी प्रत्येक स्लाइड स्वतःच्या फोनवर एकदा वाचून पाहावी.

— एक वाचक