नेच्याचा डोंगर

लेकीमुळे 'लेक' डिस्ट्रिक्ट पाहिला, हा विनोद आमच्या जावईबापूंचा, माझा नव्हे. पण इंग्लंडातले ते डोंगर मी पाहिले खरे. जून संपत आला होता. एक हिरवागार उतार पाहून मी "वा!" म्हणाले, तर कुंपणाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या मेंढपाळाने तोंड वाईट केले.

तो सारा ब्रॅकन होता. आपण कुंडीत हौसेने लावतो त्या नेच्याचा हा भाऊबंद, पण चांगला छातीइतका वाढणारा! त्याच्या सावलीत गवत टिकत नाही, गुरांनी खाल्ला तर विष, शिवाय गचपणात गोचिडी.

"मग कापून टाका की!" मी सहज म्हटले.

म्हाताऱ्याने कुदळीने माती उकरून दाखवली. आत आल्यासारखे आडवे पसरलेले काळे खोड. वरची पाने ही नुसती दुकानाची पाटी. तिजोरी सारी खाली! पाने उलगडताना तिजोरी रिकामी होत जाते. ती पुन्हा भरण्याआधी, जूनअखेर कापायचे आणि सहा आठवड्यांनी पुन्हा. असे ओळीने निदान तीन वर्षे. एखादे वर्ष चुकले की नेचा पुन्हा सावरतो. जिथे यंत्र चढत नाही तिथे हेलिकॉप्टरने असुलम नावाचे औषध फवारीत. २०११ साली युरोपीय संघाने त्याची मान्यता नाकारली. पुढे ब्रिटनमध्ये दरसालच्या तात्पुरत्या परवानगीवर भागले. २०२३ नंतर तेही थांबले.

मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. पूर्वी म्हणे हाच नेचा सर्वांना हवा असे! गोठ्यात अंथरायला, छप्पर शाकारायला. त्याची राख साबणाला नि काचेला. कापणीचा दिवस जमीनदारांच्या न्यायसभा ठरवीत. त्याआधी विळा लावला तर दंड! पाचोळा उचलला गेल्याने कोवळ्या कोंबांना थंडी झोंबे, आणि उरलेसुरले गुरांच्या खुरांखाली जाई. मेंढीच्या पायात तेवढा भार कुठला? पुढे नेच्याची गरज सरली, विळे गंजले. नेचा मात्र वाढतच राहिला.

"यंदा माझे तिसरे वर्ष," म्हातारा म्हणाला. मुलगा शहरात नोकरीला. निम्मा उतार अजून बाकी. एक कोपरा मात्र त्याने मुद्दाम राखला होता. तिथे फुलपाखरे अंडी घालतात म्हणे.

"मुक्काम किती दिवस?" त्याने विचारले.

"ऑगस्टअखेरपर्यंत."

"मग दुसऱ्या कापणीला या," म्हणत त्याने माझ्या हाती काठी दिली आणि एक कोंब कसा मोडायचा ते दाखवले.