विश्लेषण : मुंबईत जेवायला जायचे कुठे? मोबाइलवरचे ‘रेटिंग’ किती भरवशाचे?

‘आज बाहेरच जेवू’ हे ठरायला दोन मिनिटे लागतात, कुठे जेवायचे हे ठरायला पाऊण तास. मोबाइलवर दिसणारे तारे हा वाद चुटकीसरशी मिटवतात, असे वाटते. पण हे तारे नेमके काय मोजतात, काय लपवतात आणि निवड पूर्णपणे त्यांच्यावर सोपवली तर नुकसान कोणाचे होते?

निवड इतकी अवघड का?

मुंबईत हॉटेलांची वानवा नाही. अडचण नेमकी उलट आहे. दादरला उतरले तर थालीपीठ-पियूषपासून सुरमईच्या ताटापर्यंत, माटुंग्यात इडली-रसमपासून केळीच्या पानावरच्या जेवणापर्यंत, मोहम्मद अली रोडवर नल्ली निहारीपासून मालपोव्यापर्यंत आणि फोर्टात धनसाकपासून गोव्याच्या शाकुतीपर्यंत सगळे काही एकाच लोकलच्या पासावर मिळते.

त्यात जेवणारेही एकसारखे नसतात. एखाद्या कार्यालयातील सहा जणांचा गट घेतला तर त्यात एक जण जैन असतो, त्याला कांदा-लसूण चालत नाही. दुसऱ्याला मांस हलालच हवे असते. तिसरीचा नेमका गुरुवार असतो. चौथा मालवणचा, माशाशिवाय त्याचे जेवण होत नाही. पाचव्याचा महिनाअखेरीस खिसा रिकामा आणि सहावीला साडेनऊची कर्जत लोकल गाठायची असते. या सहांना एका टेबलावर बसवणे ही मुंबईतली रोजची कसरत आहे. म्हणून कोणी तरी मोबाइल काढतो, ‘चारच्या वर रेटिंग’ असा पर्याय दाबतो आणि समोर येईल त्यातले एक नाव निवडले जाते. प्रश्न सुटल्यासारखा वाटतो.

मोबाइल नव्हता तेव्हा कसे ठरायचे?

तेव्हा हॉटेल निवडावे लागत नसे, ते ओळखीतून सापडत असे. गिरणगावात कोकण आणि घाटावरून आलेला कामगार आपल्या गावाकडच्या बाईच्या खाणावळीत महिन्याच्या बोलीवर जेवत असे. या खाणावळी चालवणाऱ्या महिलांना सावकारी कर्जातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसत गेल्या आणि या खाणावळींचा हक्काचा गिऱ्हाईकही गेला.

ज्यांना जात-गाव न विचारता बसायला जागा हवी होती, त्यांच्यासाठी इराणी होता. इराणच्या यझ्द, केरमान भागातून आलेल्या झरतुष्ट्री कुटुंबांनी नाक्यानाक्यावर उपाहारगृहे काढली. धोबीतलावजवळचे कयानी १९०४ पासून, तर बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया १९२३ पासून सुरू आहे. चहा, ब्रून मस्का आणि खिमा-पाव यांवर हमाल आणि वकील शेजारी बसू शकत होते.

तिसरा आधार उडप्याचा. माटुंग्यात कॅफे मद्रास १९४० मध्ये, तर रामा नायक यांचे श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ मध्ये सुरू झाले. दक्षिणेतून आलेल्या नोकरदारांसाठी सुरू झालेल्या अशा हॉटेलांनी पुढे सगळ्या मुंबईला पोसले. शाकाहारी जेवण, स्वच्छ टेबल, ठरलेला दर आणि झटपट सेवा या चार गोष्टींवर ते सर्वांचे सामाईक ठिकाण झाले. आज उडप्याकडे डोसा, पावभाजी, पंजाबी भाजी आणि ‘चायनीज’ एकाच कार्डावर दिसते. त्यावर नाके मुरडणाऱ्यांनी वरचे सहा जण आठवावेत. ते कार्ड त्यांच्यासाठीच छापलेले आहे.

फाळणीनंतर शीव कोळीवाडा, चेंबूर आणि उल्हासनगरच्या छावण्यांत पंजाबी व सिंधी कुटुंबे आली. त्यांच्याबरोबर छोले आणि दाल पकवान आले. थोडक्यात, या शहराचा खाण्याचा नकाशा कोण कुठून आले आणि कुठे वसले, यावरून तयार झाला.

तारे नेमके काय मोजतात?

तारा हा सरासरीचा आकडा आहे आणि सरासरी वेगळेपणाला शिक्षा करते. साधे गणित पाहा. एका खाणावळीत दहा जण जेवले. सात जणांना तिखट सुक्या बोंबलाची चटणी आणि झणझणीत रस्सा इतका आवडला की त्यांनी पाच तारे दिले. तिघांना तो सोसला नाही, त्यांनी एकच तारा दिला. सरासरी ३.८. शेजारच्या हॉटेलात दहाही जणांना जेवण ‘ठीक’ वाटले, सगळ्यांनी चार तारे दिले. सरासरी ४. ‘चारच्या वर’ हा पर्याय दाबताच सात जणांना मनापासून आवडलेली खाणावळ यादीतून गायब होते आणि कोणालाच फारशी न आवडलेली जागा उरते.

दुसरी गोष्ट संख्येची. दहा अभिप्रायांत एकाने रागाने एक तारा दिला, तर पाचचे ४.६ होतात. हजार अभिप्रायांत तोच एक तारा जाणवतही नाही. म्हणजे नव्या आणि छोट्या जागेचा आकडा सहज हलतो, मोठ्याचा नाही.

तिसरी गोष्ट, तारे फक्त चवीला मिळत नाहीत. वातानुकूलन नाही, गाडी लावायला जागा नाही, अनोळखी माणसाबरोबर टेबल वाटून घ्यावे लागले, ‘लवकर आटपा’ म्हणाले, अशा कारणांनीही ते कापले जातात. तक्रारी खऱ्या असतात. पण दुपारच्या गर्दीत चाळीस माणसांच्या जागेत दोनशे जणांना वाजवी दरात जेवू घालणाऱ्या खाणावळीचा तोच तर व्यवहार असतो. शिवाय घरपोच मागवलेल्या जेवणाचे तारे हे बंद डब्यातून पाऊण तास फिरून आलेल्या अन्नाचे असतात. काही अ‍ॅपवर ते वेगळे दाखवले जातात, पण घाईत तो फरक कोण पाहतो?

आकडे फुगवता येतात का?

येतात. लंडनमध्ये २०१७ मध्ये ऊबा बटलर या पत्रकाराने आपल्या बागेतल्या शेडचे ‘द शेड अ‍ॅट डलिच’ असे रेस्टॉरंट असल्याचे भासवले. खोटी छायाचित्रे आणि ओळखीच्यांकडून लिहून घेतलेले अभिप्राय यांच्या जोरावर ते ‘ट्रिपअ‍ॅडव्हायझर’वर लंडनमधले पहिल्या क्रमांकाचे ठिकाण ठरले. तिथे तोवर एकही ग्राहक जेवला नव्हता.

भारतीय मानक संस्थेने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००’ हे मानक आणले. अभिप्राय कसे गोळा करावेत, तपासावेत आणि प्रसिद्ध करावेत, याची तत्त्वे त्यात आहेत. मात्र ते ऐच्छिक म्हणून आणले गेले. यादीत सर्वांत वर दिसणारे नाव पैसे देऊन वर आलेले असू शकते, हेही लक्षात ठेवावे. त्याखाली ‘जाहिरात’ अशी बारीक अक्षरे असतात, ती वाचण्याची सवय हवी.

फटका कोणाला बसतो?

हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल लुका यांनी २०११ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातील हॉटेलांच्या उत्पन्नाची ‘येल्प’च्या ताऱ्यांशी सांगड घातली. एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्के वाढते, असे त्यांना आढळले. महत्त्वाचे म्हणजे हा परिणाम स्वतंत्र हॉटेलांवर होता, साखळी हॉटेलांवर नव्हता. साखळीत काय मिळणार हे ग्राहकाला आधीच ठाऊक असते.

याची चांगली बाजू मान्य करायला हवी. शहरात नव्याने आलेला विद्यार्थी, एकटीने जेवायला जाणारी महिला, गल्लीच्या आत लपलेले घरगुती केंद्र यांना अभिप्रायांचा खरोखर उपयोग झाला आहे. ‘आमच्यातल्यांनाच माहीत’ ही जुनी पद्धत बाहेरच्या माणसाला दार बंद करणारीही होती. लुका यांच्या अभ्यासातही ‘येल्प’चा वापर वाढला तिथे साखळ्यांचा वाटा घटलेला दिसला.

तेव्हा दोष ताऱ्यांचा नाही, केवळ आकड्याची चाळणी लावण्याचा आहे. त्या चाळणीतून जी खाणावळ पडते ती बहुधा एका कुटुंबाची असते. तिथे छायाचित्रे टाकायला, अभिप्रायांना उत्तरे द्यायला कोणी नसते. मालक गल्ल्यावर आणि मालकीण तव्यावर असते. आकडा वाढवायचा तर तिखट कमी करा, कार्डावर पनीर आणि नूडल्स वाढवा, असा दबाव येतो. तिसऱ्यांचे सुके आणि मांदेली मागे पडतात. मग ग्राहकच म्हणतो, ‘हल्ली सगळीकडे तीच चव असते.’ ती चव त्यानेच निवडून आणलेली असते.

मग निवडावे कसे?

पहिले, हॉटेल नव्हे, आधी पदार्थ ठरवावा आणि मग वस्ती. माशाचे ताट हवे तर दादर-गिरगाव, पानावरचे दाक्षिणात्य जेवण हवे तर माटुंगा, दाल पकवान हवे तर चेंबूर. ज्या वस्तीत तो पदार्थ रोज खाणारे राहतात, तिथे वाईट बनवून फार काळ धंदा चालत नाही.

दुसरे, आकडा नको, मजकूर वाचावा. पाच ताऱ्यांचे नव्हे, दोन-तीन ताऱ्यांचे अभिप्राय सर्वांत प्रामाणिक असतात. ‘भाकरी गार होती’, ‘तेल वास मारत होते’, ‘पोट बिघडले’ या तक्रारी वारंवार दिसल्या तर ते ठिकाण टाळावे. ‘फार गर्दी’, ‘फार तिखट’, ‘साधी जागा’ या तक्रारी दिसल्या तर स्वतःला विचारावे, आपल्याला याने फरक पडतो का?

तिसरे, वेळ सांभाळावी. खाणावळीत दुपारी एकला भाकरी तव्यावरून ताटात येते, तीनला उरलेले मिळते. माशांच्या बाबतीत ऋतू पाहावा. दरवर्षी १ जूनपासून सुमारे दोन महिने राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात ‘ताजे पापलेट’ कुठून आले, हे विचारायला संकोच नको. चांगला खाणावळवाला स्वतःहूनच ‘आज सुकट घ्या’ असे सांगतो.

चौथे, गटात सर्वांत जास्त बंधने असलेल्या माणसाला पहिले विचारावे. जैन किंवा हलाल खाणाऱ्या सहकाऱ्याला शेवटी ‘तू काही तरी मॅनेज कर’ असे सांगणे म्हणजे त्याला टेबलावर बसवून उपाशी ठेवणे. रोजच्या गटासाठी उडपी बरा. पण महिन्यातून एकदा एकेकाच्या पाळीने, त्याच्या पसंतीच्या ठिकाणी जावे. त्या दिवशी बाकीच्यांनी थोडी तडजोड करावी.

बिलाआधी काय पाहावे?

अन्नसुरक्षा कायद्याखालील १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक १ जानेवारी २०२२ पासून बिलावर छापणे बंधनकारक आहे. तो नसेल तर विचारावे.

सेवा शुल्क हा दुसरा मुद्दा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलांना ते बिलात आपोआप लावता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये या सूचना वैध ठरवल्या. लावलेच तर काढायला सांगता येते. हॉटेलाने ऐकले नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. वाढप्याला खुशीने काही द्यायचे की नाही, हा ग्राहकाचा प्रश्न आहे.

जीएसटी साध्या हॉटेलात ५ टक्के असतो. कंपोझिशन योजनेतील छोट्या हॉटेलाला मात्र तो ग्राहकाकडून वेगळा घेता येत नाही. चार जणांच्या कुटुंबाच्या खिशाला या गोष्टी ताऱ्यांपेक्षा जास्त जाणवतात.

यात शहराचे काय?

मुंबईत माणसे एकमेकांच्या घरी क्वचितच जातात. घरे लहान, अंतरे मोठी. शेजारच्या समाजाचे जेवण बहुतेकांना पहिल्यांदा हॉटेलातच भेटते. बोहरी थाळ, मालवणी सोलकढी किंवा पारशी पात्रानी मच्छी एकदा चाखली की त्या माणसांविषयीचे परकेपण थोडे कमी होते. ही संधी ‘चारच्या वर’च्या चाळणीत अडकू देणे परवडणारे नाही.

खाणावळ बंद पडते तेव्हा बातमी होते, हळहळ व्यक्त होते, जुनी छायाचित्रे फिरतात. त्या हळहळणाऱ्यांपैकी किती जण शेवटच्या वर्षात तिथे जेवले होते, हा खरा प्रश्न असतो. आवडते ठिकाण टिकावे असे वाटत असेल तर तिथे जेवायला जावे, रोखीने किंवा यूपीआयने पूर्ण बिल द्यावे आणि घरी आल्यावर दोन ओळींचा खरा अभिप्राय लिहावा. काय खाल्ले, कसे लागले, किती पैसे झाले, एवढे पुरे. पुढच्या माणसाला त्यातून ताऱ्यापेक्षा जास्त कळेल.