कंसातले आजोबा

वडिलांचं आधार कार्ड काढून बघा. मधलं नाव आहे ना, ते तुमचे आजोबा. आपली नाव लिहायची पद्धत सोयीची आहे, पण तिची उडी एकाच पिढीची. तुमच्या स्वतःच्या नावातून आजोबा आधीच गळालेले असतात. पिंपरी, भोसरी, चाकणमधल्या बऱ्याच घरांत आजोबा म्हणजे तेवढंच: वडिलांच्या नावातला एक शब्द आणि भिंतीवरचा हार घातलेला फोटो. काही घरांत फोटोही नसतो, आणि विषय निघाला की आजी भांडी आवरायला उठते.

या आजोबांची आठवण होते ती अॅडमिशनच्या वेळी. जात पडताळणीसाठी वंशावळ लिहून द्यायची, आजोबांचा शाळेचा दाखला शोधायचा. ओबीसी असाल तर पुरावा १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. मग गावाकडच्या काकांना फोन, तहसीलला चकरा. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, कुणबी नोंदींसाठी दप्तरं उपसली जाऊ लागली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. आरक्षणाच्या वादात आज शिरायचं नाही. पण एक खटकतं: प्रमाणपत्र हातात पडलं की फाइल कपाटात जाते, आणि आजोबाही तिच्यासोबत.

ती फाइल पुन्हा काढा. शाळेच्या जनरल रजिस्टरात जातीशिवाय आणखी रकाने असतात. जन्मतारखेवर फार विसंबू नका; १ जून असेल तर ती बहुधा गुरुजींनी दिलेली आहे, आईने नाही! पण शाळा सोडल्याची तारीख आणि कारण नीट वाचा. आजोबांनी शाळा १९७२ मध्ये सोडली असेल तर दुष्काळाचं ते वर्ष तुम्ही पुस्तकात वाचलंय. आता ते तुमच्या घरात आलं.

आपला हा पट्टा अशाच माणसांनी भरला. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली; टेल्को आली, बजाज आली. सातारा, सोलापूर, मराठवाड्यातून पोरं गावच्या कुणाच्या तरी ओळखीने आली आणि एका खोलीत सात-आठ जण शिफ्टप्रमाणे झोपली. त्यांचा इतिहास कुणी लिहिला नाही, पण तो ट्रंकेत असतो: कंपनीचं ओळखपत्र, पीएफची स्लिप, ईएसआयचं कार्ड. त्यावरच्या तारखा एका वहीत ओळीने लिहा. गाव सोडलं कधी, नोकरी लागली कधी, आजी आली कधी. दोन तारखांमध्ये चार वर्षांची फट दिसली तर आजीला विचारायचा प्रश्न तिथेच आहे. पिंपरी कॅम्पातल्या सिंधी मित्राची गोष्ट वेगळी. फाळणीत त्याच्या घरचं गाव सीमेपलीकडे राहिलं, त्याला तिथल्या तहसीलला जाता येत नाही. त्याच्याकडे फक्त म्हाताऱ्यांची आठवण, आणि ती स्कॅन करून ठेवलेली नाही. त्याने तर आजच मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करावं.

तुम्ही इथलेच, खेड किंवा मावळचे असाल तर सातबारा बघा. नाव कमी झालं की ते कंसात टाकतात आणि बाजूला फेरफाराचा नंबर येतो. तो नंबर घेऊन गाव नमुना ६ मधली नोंद काढायची. जुन्या नोंदींचे स्कॅन काही जिल्ह्यांपुरते सरकारच्या 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर आहेत, नाहीतर तालुक्याला नकलेचा अर्ज. आज जिथे कंपनीचं गेट आहे, तिथे कंसात आजोबा सापडतील. जमीन वारसाने आली, विकली, गहाण पडली की संपादनात गेली, सगळं त्या चार ओळींत असतं. आणखी एक गंमत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावं मिळतात, पण भर पुरुषांवरच. वारस नोंदीच्या फेरफारात मात्र मुलींचीही नावं येतात, कारण हक्कसोड करून घ्यायची तर आधी नाव लावावं लागतं! घरात कधीच न ऐकलेली आत्याआजी अशीच भेटते.

मॉरिशसमधल्या मराठी कुटुंबांनी यापेक्षा अवघड शोध घेतलाय. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात गिरमिटिया मजूर म्हणून मुंबई बंदरातून गेले. प्रत्येकाला एक क्रमांक मिळाला. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये ती रजिस्टरं जपली आहेत, काहींचे फोटोसुद्धा. क्रमांक जुळला तर जहाज, वय, बापाचं नाव, गाव कळतं. समुद्रापलीकडची पाचवी-सहावी पिढी हे करते, आणि आपल्याला राजगुरुनगर लांब वाटतं.

आता अवघड भाग. आजोबा सापडतील ते फोटोतल्यासारखे असतीलच असं नाही. दुसरं घर निघेल, दारू निघेल, भावाची जमीन लाटलेली निघेल, किंवा ते वारले नसून निघून गेले होते हे कळेल. हे सगळं आजीला आधीपासून माहीत असतं. म्हणून कागद घेऊन तिच्यासमोर उलटतपासणीला बसू नका, आणि फॅमिली ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. ती थांबली की थांबा. तिने नाही म्हटलं तर तेही उत्तरच आहे, कागद कुठे पळून जात नाहीत. सुरुवात आजोबांपासून करूच नका. तिला तिचं माहेरचं पूर्ण नाव विचारा. वंशावळीत त्यासाठी रकाना नसतो, आणि तुमच्यापैकी कितीजणांना ते माहीत आहे?