उधळणाऱ्याचा कर कोठें गेला?

काड्यांची पेटी, साबणाची वडी, चपलांचा जोड विकत घेतांना कुणबी, सुतार, कुंभार, विणकर सारेच कर भरतात. तो किंमतींतच दडलेला असतो, म्हणून भरणाऱ्याला कळतही नाहीं. मग ज्याच्या वाड्यांत रोज मेजवान्या झडतात, त्याच्या उधळपट्टीवर वेगळा कर कां नसावा? हा प्रश्न आपल्या सरकारपुढें रोखठोक मांडणाऱ्या एका अर्थशास्त्रज्ञाची ओळख आमच्या वाचकांस असावी, असें आम्हांस वाटतें.

निकोलस काल्डोर १९०८ सालीं हंगेरींतील बुडापेस्ट शहरीं जन्मले. १९२७ सालीं ते लंडनला शिकावयास गेले व पुढें तेथेंच शिक्षक झाले. १९३६ सालीं केन्स यांचा मोठा ग्रंथ निघाला. लोकांच्या हातीं पैसा नाहीं म्हणून माल खपत नाहीं, माल खपत नाहीं म्हणून काम मिळत नाहीं; अशा वेळीं सरकारनें स्वतः खर्च करून काम काढावें, हें त्याचें सार. आमच्या विणकराला हें निराळें शिकवावें लागत नाहीं. गांवचें पीक बुडालें कीं त्याचा माग थांबतोच. काल्डोर यांनीं ही शिकवण उचलली व जन्मभर पुढें नेली.

१९५५ सालीं त्यांनीं खर्चावरील करासंबंधीं पुस्तक लिहिलें. समाजाच्या कणगींत माणूस काय घालतो यापेक्षां तींतून काय उपसतो हें पाहून कर घ्यावा, असें त्यांचें म्हणणें. १९५६ सालीं भारत सरकारनें त्यांचा सल्ला घेतला. प्राप्तिकराचा वरचा दर उतरवावा. परंतु संपत्ति, देणगी, भांडवली नफा व खर्च या सर्वांवर एकत्र कर बसवावा, म्हणजे एका दारानें निसटलेला धनिक दुसऱ्या दारीं सांपडेल, असें त्यांनीं सांगितलें.

संपत्तीवरील व खर्चावरील करांचे कायदे १९५७ सालीं झाले. पण सवलतींचीं भोकें इतकीं राहिलीं कीं घागरींत पाणी टिकेना. खर्चावरील कर १९६२ सालीं उठला, १९६४ सालीं परत आला, १९६६ सालीं पुन्हां गेला. काल्डोर १९८६ सालीं वारले. संपत्तीवरील करही २०१५ च्या अंदाजपत्रकानें रद्द झाला.

कोणी म्हणेल, वसूल थोडा आणि खटाटोप फार, असा कर हवा कशाला? आम्ही विचारतों, बांध फुटला तर तो बुजवावा कीं शेतच पडीक टाकावें?

२०१७ पासून वस्तु व सेवा कर आला. साबणाच्या एकाच वडीवर मजूर व कोट्यधीश एकाच दरानें कर भरतात. मजुराची सारी मजुरी बाजारांत जाते. कोट्यधीशाची मिळकत बहुतेक शिल्लक राहते. म्हणजे ओझें कोणाच्या पाठीवर, हें उघड आहे.

आम्ही शाळेंत मुलांना व्याजाचीं गणितें घालतों. हें गणित तुम्ही घरीं घाला. दुकानाची छापील पावती मुलाकडून वाचवून घ्या, तींतील कराची ओळ शोधा, आणि मत मागावयास येणाऱ्याच्या हातीं ती द्या. त्याला एवढेंच विचारा: बाबा रे, आम्ही भरला; उधळणाऱ्यानें किती भरला?